तात्यांच्या म्युझियममधलं जातं

तात्यांचं म्युझियम बघायला जाणार असाल तर आधीच सांगून ठेवते, पिशवी नेऊ नका. आत जाताना कोणी काही विचारत नाही. निघताना मात्र तात्या दारात उभे राहून ती उघडायला लावतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पिशवीत जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि गुडघ्याला लावायचं मलम होतं. अर्धी नोकरी मी या माणसाच्या शेजारी बसून केलेली, तरी त्यांनी डब्याचं झाकण काढून आत बघितलं. "बाई, वाईट वाटून घेऊ नका, मी सगळ्यांचीच बघतो," म्हणाले. डब्यात एक पोळी उरली होती. ती माझीच आहे याची खात्री पटल्यावर त्यांनी मला जाऊ दिलं.

हे तात्या एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या स्टोअरमध्ये स्टोअरकीपर होते आणि मी त्यांच्या हाताखालची क्लार्क. आता स्टोअर म्हणजे काय? बाहेरून माल येतो, आत नीट ठेवला जातो आणि ज्याला लागेल त्याला दिला जातो, म्हणजे इश्यू होतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तात्यांना मान्य होत्या. तिसरी त्यांना कधीच पटली नाही. "दिलेली वस्तू म्हणजे गेलेली वस्तू," असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, आणि अशा काही आवाजात म्हणाले की मला वाटलं यांच्या घरी कोणी गेलं की काय.

खिडकीशी कोणी आला की तात्या मान वर न करता म्हणायचे, "शेवटचा आहे." काय पाहिजे हे समोरच्याने अजून सांगितलेलंही नसायचं. फिटर मंडळी खिडकीतून मान आत घालून मांडणीकडे बोट दाखवायची, "तात्या, ते काय, मागे ढीग लागलाय की." तात्या शांतपणे म्हणायचे, "तो स्टॉक आहे." स्टॉक आणि माल यांत फरक काय, हे मला मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, "माल संपतो, बाई."

एकदा एक फिटर हातमोजे मागायला आला. तात्या म्हणाले, जुने जमा करा. तो म्हणाला, जुने फाटले. तात्या म्हणाले, फाटलेले आणा. बिचारा उन्हातून परत गेला आणि फाटलेले घेऊन आला. तात्यांनी ते हातात घालून बघितले, उजेडाला धरले आणि परत देत म्हणाले, "चार बोटं चांगली आहेत." तो फिटर पुढे त्यांच्याशी बोलायचाच बंद झाला, पण मोजे त्याने पावसाळा संपेपर्यंत वापरले, हेही खरं.

आमच्या स्वतःच्या खोलीतही तीच तऱ्हा. कोपऱ्यातला झाडू झिजून झिजून मुठीएवढा उरला होता आणि आत नव्या झाडूंची मोळी बांधून ठेवलेली. झाडायला येणाऱ्या मावशी एक दिवस कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तात्या, मी आता फरशी झाडत नाय, नुसती कुरवाळते." तात्यांनी यावर दोन दिवस विचार केला आणि मावशींना नवा झाडू दिला. त्या दिवशी त्यांनी दुपारचा चहा घेतला नाही.

तुम्हाला वाटेल, घरी तरी माणूस सैल सोडत असेल. छे. मी त्यांच्या कॉलनीतल्या घरी चहाला गेले तर मला कान तुटलेल्या कपात चहा मिळाला. समोर काचेच्या कपाटात सोनेरी काठाचा सेट, वरचा कागदसुद्धा न काढलेला. काकू, म्हणजे तात्यांची बायको, माझी नजर बघून म्हणाल्या, "तो पाव्हण्यांसाठी हाय."

"मग मी कोण?"

"तू वापरातली," काकू म्हणाल्या आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. काकूंचं हे एक बरं होतं. या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे एकतर रडायला पाहिजे नाहीतर हसायला, आणि त्यांनी वेळेवर ठरवून टाकलं होतं. लग्नातल्या शालूची अजून घडी मोडायची राहिलीय, हेही त्यांनी मला हसत हसतच सांगितलं.

तात्या निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही शाल-श्रीफळ दिलं. शाल अंगावर पडताक्षणी त्यांनी ती काढून घडीवर घडी घातली आणि सवयीने माझ्याकडे देत म्हणाले, "आत ठेवा." मग नव्या स्टोअरकीपरला किल्ल्या द्यायची वेळ आली. जुडगा त्यांनी पुढे केला, त्या माणसाने धरला, पण तात्यांची मूठ काही उघडेना. फोटो काढणारा म्हणतोय, थोडं हसा, आणि हे दोघे एका जुडग्याला धरून उभे. शेवटी मी त्यांच्या दंडाला हात लावला तेव्हा मूठ सुटली. लोक टाळ्या वाजवत होते, पण मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग ते गावी गेले. सिन्नरहून पुढे शेअर जीपने जावं लागतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा आणि टोमॅटो. गावात नवी स्लॅबची शाळा झाली होती, त्यामुळे जुनी दोन खोल्यांची कौलारू शाळा ओस पडलेली. तिथे दुपारी शेळ्या बसायच्या आणि संध्याकाळी पत्ते खेळणारे. तात्यांनी ग्रामपंचायतीकडे ती इमारत मागितली, जुन्या वस्तूंचं म्युझियम करतो म्हणाले. पंचायतीला वाटलं, फुकटात राखण होतेय, करू दे. मी मात्र ही बातमी ऐकली आणि नाशिकला इंदिरानगरच्या घरात एकटीच हसत बसले. म्युझियम म्हणजे काय हो? असं स्टोअर, जिथून काही म्हणजे काही बाहेर द्यायचं नसतं. या माणसाला उशिरा का होईना, हवी ती नोकरी मिळाली होती.

मी बघायला गेले तर खरंच सगळं झकास मांडलेलं. शाळेची बाकं ओळीने लावून त्यांच्यावर वस्तू. भिंतीवर रंगवलेला महाराष्ट्राचा नकाशा तसाच, फक्त नाशिकच्या जागचा पोपडा उडालेला. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठ्या वाचून मला थेट एकलहऱ्याला गेल्यासारखं झालं. "कंदील, काच तडकलेली, चालू." "पायली, पितळी, तळाला पोचा." "मुसळ, सरळ." मी विचारलं, "तात्या, ही पायली कुठल्या काळातली?" ते म्हणाले, "जुन्या." मी म्हटलं, "अहो, लोकांना इतिहास कळायला नको का?" ते म्हणाले, "इतिहास लिहिला की लोक वाचत उभे राहतात, मग हात लावतात."

मागच्या खोलीत, म्हणजे पूर्वीच्या चौथीच्या वर्गात, नुसती दगडी जाती. मोठी, लहान, खुंटा असलेली, खुंटा हरवलेली, भिंतीला लागून गोल मांडलेली. आणि त्यांतल्या एका जात्यासमोर एक आजी जमिनीवर पाय पसरून बसलेली, शांत, देवळात बसतात तशी.

"या रोज येतात," तात्या मला बाजूला घेऊन अभिमानाने म्हणाले. "इतिहासाची फार आवड."

मी आजींशेजारी बसले. विचारलं, आजी, काय बघता? त्या म्हणाल्या, "माझं हाय ते. सुनंनं दिलं हितं. मी लेकीकडं गेल्ते, आले तर कोपरा मोकळा." मी बाहेर येऊन तात्यांना म्हटलं, "अहो, त्या इतिहासासाठी येत नाहीत, त्यांच्या जात्यासाठी येतात." तात्यांचं उत्तर तयार होतं: "म्हणजे चांगल्या ठिकाणी आहे, हे त्यांना दिसतं ना?" आजी त्यांना मास्तर म्हणायच्या. शाळेत बसतो तो मास्तर, एवढा साधा हिशेब. तात्यांनी आधी दुरुस्त करून बघितलं, मग सोडून दिलं.

आता गावाने इतकी जाती दिली कशी, ते सांगते. गावात गिरणी आली त्याला जमाना झाला. जातं म्हणजे दाराआड पडलेला धोंडा, रात्री अंगठ्याला लागणारा. तात्या मागायला आले तेव्हा बायांनी हातगाड्या करून आणून दिली, घर मोकळं झालं म्हणून खूश. आमच्याकडच्या लग्नात हळद जात्यावर दळावी लागते, पाच सवाष्णी बसतात, जात्याला आंब्याची पानं बांधतात, ओव्या म्हणतात, हे काय कोणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. पण प्रत्येकीने मनात म्हटलं, आपलं देऊन टाकू, लागलं तर शेजारणीचं आणू. शेजारीणही तेच म्हणाली. असं करत करत सगळ्या गावातली जाती चौथीच्या वर्गात जाऊन बसली आणि तुळशीचं लग्न झाल्यावर गावातल्या पहिल्या लग्नघरी कळलं, की आख्ख्या गावात दळायला एक जातं नाही.

ते लोक तात्यांकडे आले. एका दिवसापुरतं द्या, संध्याकाळी परत आणतो. तात्या म्हणाले, "म्युझियममधून इश्यू होत नाही." त्यांनी हात जोडले, तात्यांनीही जोडले. शेवटी त्यांनी दुसऱ्या गावच्या मामाकडून टेम्पोने जातं आणलं. पुढच्या लग्नात हळद मिक्सरमध्ये वाटली, तर व्याह्यांकडच्या बायकांनी मांडवात सगळ्यांच्या देखत टोमणे मारले. त्याचा राग अर्थातच मिक्सरवर निघाला नाही. गावात तात्यांशी बोलणं कमी झालं, किराणा दुकानात ते गेले की बाक रिकामं व्हायला लागलं.

मग सरपंचबाईंच्या लेकीचं लग्न ठरलं. बाई हुशार आणि सरळ बोलणाऱ्या. म्युझियमच्या दारात येऊन म्हणाल्या, "तात्या, माझ्या सासूचं जातं द्या. मांडव आमच्याच दारात हाय, टेम्पो नको की काय नको."

"सरपंचबाई, तुम्हाला दिलं तर मागे ज्यांना नाही म्हटलं त्यांना काय सांगू?"

"ते तुम्ही बघा. पण शाळेची जागा रस्त्याला लागून हाय, गाळे काढा म्हणून लय दिवस लोक मागं लागलेत. मी आजवर नको नको म्हणत आले. ग्रामसभेला मी गप बसले तर शाळा पडंल. मग तुमचं म्युझियम कुठं मांडताय ते सांगा."

तात्यांनी दिलं नाही. काकूंचा मला फोन आला. या वेळी काकू हसत नव्हत्या. "ये गं," म्हणाल्या, "तुझं थोडंफार ऐकतात. शाळा गेली तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल. तिथं जायला लागल्यापासून सकाळी उठून दाढी करतात." मी दुसऱ्याच दिवशी सिन्नरची बस धरली, कारण दाढीचं ऐकून मला राहवलं नाही.

तात्यांना मी खूप समजावलं. गोडीने, रागावून, जुन्या नोकरीची शपथ घालून. म्हटलं, अहो, एका जात्यासाठी सगळं घालवताय. ते नकाशाकडे बघत बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "बाई, तुम्हाला वाटतं मी कंजूष आहे. मी स्टोअरमधून जे जे दिलं ते मोडून परत आलं किंवा आलंच नाही. इथे काहीच मोडत नाही. इथे मला झोप लागते." वाद घालायला आले होते, पण मी नुसती पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली आणि काकूंकडे गेले.

ग्रामसभा शाळेच्याच अंगणात भरली. गाळ्यांचा विषय निघाला आणि ज्याच्या मनात जे होतं ते बाहेर पडलं. आमच्याच वस्तू आम्हाला देत नाही म्हणजे काय? हा कोण लागून गेला? सरपंचबाई खरंच गप्प बसल्या. काकू माझा हात धरून बसलेल्या. कोणीतरी म्हणालं, घ्या ठराव, शाळा पाडून गाळे काढायचे.

तात्या उठले. मला वाटलं, आता भांडतील. ते एवढंच म्हणाले, "इमारत पाडायची तर आधी आतला माल हलवावा लागतो. बरोबर?"

"बरोबर," लोक म्हणाले.

"मग ज्याचं त्याने आजच घेऊन जावं. मी देतो." असं म्हणून त्यांनी चौथीच्या वर्गाचं कुलूप काढलं. पुढे लोक म्हणाले, तात्यांनी बरोबर डाव टाकला. डावबिव काही नव्हता. मी शेजारी उभी होते, मुलीला सासरी पाठवताना बापाचा होतो तसा चेहरा झाला होता त्यांचा. त्यांच्या लेखी सगळं संपलं होतं.

बाया तावातावाने आत शिरल्या, आपापल्या जात्याशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या. कोणी वाकेना. एक म्हणाली, "लय जड हाय गं." दुसरी म्हणाली, "आमच्याकडं दाराआड आता फ्रीज हाय." तिसरीचा नवरा मोटारसायकल घेऊन आला होता, त्याने जात्याकडे बघितलं, मोटारसायकलकडे बघितलं आणि तंबाखू मळायला लागला. सरपंचबाई सासूच्या जात्याभोवती एक फेरी मारून आल्या. त्यांच्या नव्या बंगल्यात आरशासारखी फरशी बसवलेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"तात्या," बाई सावकाश म्हणाल्या, "समजा, हळद दळायला आम्हीच हितं आलो तर?"

"इथे बसून?"

"हितं बसून. पाच बाया येतील, दळतील, पुसून जातील."

"वस्तू दाराबाहेर जाणार नाही?"

"नाय जाणार."

तात्यांनी जरा विचार केला. "मग त्याला इश्यू म्हणत नाहीत," ते म्हणाले. गाळ्यांचं रस्त्याच्या पलीकडच्या पडीक जागेत बघू, असं सरपंचबाईंनी जाहीर केलं आणि कोणी विरोध केला नाही. केला असता तर त्याला आपलं जातं घरी न्यावं लागलं असतं. एवढा मोठा प्रश्न इतक्या आळसाने सुटलेला मी दुसरा पाहिला नाही.

लोक पांगले. कोणाचं मन बदलायच्या आत तात्या घाईघाईने कुलूप लावायला गेले, तर दारात आजी उभ्या.

"माझं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या.

"आजी, आत्ताच ठरलं ना, सगळी इथेच राहणार."

"त्यांची ऱ्हाऊ द्या. मला माझं पायजे."

"रोज येता की बघायला. मी कधी नाही म्हटलं?"

"मास्तर," आजी म्हणाल्या, "बघून पीठ पडतं का?"

शाळा वाचली होती, आता तात्यांवर कसलीच सक्ती नव्हती. नाही म्हणाले असते तर एका म्हातारीसाठी कोणी ग्रामसभा परत बोलावली नसती. आयुष्यभर ज्याने खिडकीतून मान वर केली नाही, तो माणूस त्या बाईच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मग तात्या आत जाऊन आजींच्या जात्यापाशी वाकले आणि चिठ्ठीचा दोरा सोडायला लागले. गाठ त्यांनीच मारलेली, सुटता सुटेना. दाताने सोडली.

भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली. तात्या स्वतः ढकलत होते, मी खुंटा हातात धरून मागे, माझ्यामागे काकू, आणि सगळ्यांच्या पुढे आजी, वरात घेऊन निघाल्यासारख्या. माझी सिन्नरची शेवटची जीप समोरून निघून गेली आणि मी तिला हातसुद्धा केला नाही.

आजींची सून शेतात होती. दाराआडचा कोपरा अजून मोकळाच होता. जात्याची खालची तळी जागेला लागली, खुंटा बसला. आजींनी गोणपाट अंथरलं, मूठभर बाजरी घातली आणि म्हणाल्या, "मास्तर, समोर बसा. एकटीला ओढत नाय आता."

तात्या मांडी घालून बसले. इतकी जाती सांभाळली, पण एकही फिरवलेलं नव्हतं. त्यांनी खुंट्याला हात घातला आणि जोर लावून उलटंच फिरवलं. आजींनी त्यांच्या हातावर चापट मारली. "इकडून," म्हणाल्या. काकूंनी पदर तोंडाला लावला, या वेळी हसायला की कशाला, ते मला कळलं नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते.

मग जातं नीट फिरायला लागलं. घरघर आवाज झाला आणि कडेने पीठ पडायला लागलं. तात्यांनी वाकून बोट लावून बघितलं. "गरम आहे," त्यांनी मला सांगितलं.

थोड्या वेळाने बाजरी संपली. आजींनी पीठ सुपात भरलं, हात झटकले आणि चुलीकडे जायला उठल्या. "पुरे झालं," म्हणाल्या, "सगळ्यांच्या भाकरीपुरतं पडलं."

तात्यांचा हात खुंट्यावरच होता.

"अजून टाका," ते म्हणाले.